पाच वॅटची जवारी

"आवाज फाटतोय रे तुझा," राजांगणाच्या पलीकडून बाबा म्हणाले. मी गिटारच्या तारा तळव्याखाली दाबून धरल्या. म्हार्दोळच्या आमच्या घरात त्या दिवशी गिटारचा आवाज वाढवणारा नवा ॲम्प आला होता. १०० वॅटचा, १२ इंची दोन स्पीकरचा, पुढच्या पट्टीवर बटणांची रांग. पणजीच्या दुकानात सांगितलं होतं की जितके वॅट जास्त तितका आवाज भरदार, आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते संगीत, वाजवायचं तर दम हवाच. वर्षभर पगारातून बाजूला टाकलेले पैसे मी तिथे मोजले होते.

बाबांचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. बाबा पेटीवाले. मंगेशी, म्हार्दोळ, बांदोडा, शिरोडा, जत्रेला जिथे मराठी नाटक उभं राहील तिथे त्यांची पेटी असायची. मांडवाच्या खांबाला भोंगा बांधलेला असे. नट पद म्हणताना वरच्या षड्जावर चढला की भोंगा हमखास फाटायचा आणि बाबांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांच्या लेखी फाटणं म्हणजे बिघाड. मला मात्र फाटलेलाच आवाज हवा होता. हा नव्हे, दुसरा. तो दुसरा म्हणजे कोणता, हे तेव्हा मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं.

त्या ॲम्पचं बटण दोनच्या पुढे नेलं की खिडकीच्या काचा वाजायच्या, आणि दोनवर ठेवलं तर आवाज रुक्ष, काचेसारखा. फाटलेला आवाज काढायला वेगळं बटण होतं. ते फिरवलं की बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा एकसुरी घोंगाट निघे. हळू छेडा नाहीतर जोरात, भुंगा तोच. मी तीन महिने रोज संध्याकाळी कुंडईहून कामावरून येऊन त्या बटणांशी झटत राहिलो, आणि हळूहळू गिटार खुंटीवरून काढायचीच बंद झाली.

मला जे हवं होतं ते कॉलेजात असताना एका मित्राच्या कॅसेटवर ऐकलं होतं. बी. बी. किंग यांचा एकच लांब सूर. मिसिसिपीत १९२५ साली जन्मलेला हा माणूस. नात्यातले बुका व्हाइट गिटारच्या तारांवरून नळी घसरवत वाजवत. किंग यांना ते जमेना, म्हणून त्यांनी तार बोटाखाली हलवून तसाच कंप काढायचा यत्न केला आणि त्यातून त्यांची स्वतःची वाणी तयार झाली. आम्हा पेटीच्या घरात वाढलेल्यांना तो सूर ऐकून काय झालं असेल! त्यात मींड होती. सतारीवर पडद्यावर तार आडवी ओढून पुढचा सूर गाठतात, अगदी तसं. आणि गाठायचा तो सूर कोमल गंधारही नव्हता नि शुद्धही नव्हता. दोघांच्या मधल्या फटीत कुठेतरी तो राहतो. ब्लूजचा जीव त्या फटीत आहे. बाकी बांधणी सोपी आहे: चार-चार मात्रांचे १२ खंड, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन, आणि त्यात सा, म, प यांच्या पायावर फिरणारे तीन स्वरमेळ. एवढ्याशा अंगणात शंभर वर्षं माणसं गातायत.

हा फाटका आवाज आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण ॲम्प निवडायची किल्ली तिथेच आहे. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीचं शेत सोडून शिकागोला गेले. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत माणसांचा कालवा एवढा, की नुसत्या लाकडी गिटारचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचेना. म्हणून विजेची गिटार आली आणि तिच्यामागे एक लहानसा ॲम्प. तेव्हाचे ॲम्प बेताचे. गर्दीवर मात करायची म्हणून वादक ते शेवटपर्यंत पिळायचे, आणि व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारी आतली काचेची नळी, पेलवेल त्याच्या पलीकडे ढकलला गेला की आवाज किंचित चिरायचा. गळा भरून आला असता माणसाचा आवाज चिरतो तसा. ॲम्प बनवणाऱ्यांना ते मुळीच नको होतं. वादकांनी आणि ऐकणाऱ्यांनी मात्र ते उचललं. फेंडर कंपनीचा बेसमन हा ॲम्प, नावातच आहे तसा, बेस गिटारसाठी काढलेला. १९५९ चा १० इंची चार स्पीकरवाला बेसमन ब्लूजच्या गिटारवाल्यांनी आणि माउथऑर्गनवाल्यांनी आपलासा केला. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रम शिकवणाऱ्या दुकानदाराने त्याच बेसमनच्या नकाशावरून आपला पहिला ॲम्प बांधवून घेतला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या बँडबरोबर मार्शलचा ॲम्प आणि लेस पॉल गिटार घेऊन जे ध्वनिमुद्रण केलं, त्याने इंग्लंडमधल्या एका पिढीचा कान बदलला. म्हणजे एका कामासाठी बांधलेला खोका दुसऱ्याच कामाला लागला, आणि त्यातून एक घराणं उभं राहिलं.

हे मी शिकलो राय गावातल्या एका म्हाताऱ्या गिटारवादकाकडून. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली त्यांच्या पिढीची बरीच मुलं चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकून मुंबईला गेली, हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. तेही गेले होते. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. मी माझी गिटार आणि माझी तक्रार घेऊन त्यांच्या बल्कांवात, घरापुढच्या ओसरीत, बसलो तेव्हा त्यांनी नवं काय घेऊ या माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. "पयलीं आयक, मागीर घे," एवढंच म्हणाले. आधी ऐक, मग घे.

त्यांच्याकडे फेंडरच्या जुन्या ट्वीड डिलक्सच्या बांधणीचा ॲम्प होता. दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, १२ इंची एक स्पीकर, जेमतेम डझनभर वॅट. त्यांनी तो चालू केला आणि आम्ही थांबलो. व्हॉल्व्हला तापायला वेळ लागतो. आमच्या घरच्या जुन्या रेडिओची मला आठवण झाली. बटण दाबलं की आधी हिरवा डोळा हळूहळू उघडायचा आणि मग लांबून चालत आल्यासारखा आवाज यायचा. पाठीमागच्या फटीतून मी वाकून पाहिलं. काचेच्या पोटात नारिंगी तंतू पेटला होता आणि तापल्या धुळीचा तोच वास येत होता.

अंकलनी ॲम्पचं बटण सातवर ठेवलं आणि मला एकच ओळ दोनदा वाजवायला लावली. पहिल्यांदा नखाच्या कडेने, जेमतेम स्पर्श करून. सूर स्वच्छ, गोल, देवळातल्या लहान घंटेसारखा निघाला. दुसऱ्यांदा जोरात. तोच सूर कडेला चिरला, त्यात खरड आली, क्षणभर दबला आणि पुन्हा फुगून वर आला. बटणाला कुणीही हात लावला नव्हता. मग त्यांनी माझ्या गिटारचं व्हॉल्यूम दहावरून सहावर आणलं. चीर नाहीशी झाली. मी परत दहावर नेलं, चीर आली. माझा हात ऐकून तो ॲम्प उत्तर देत होता. तीन महिने मी बटणांत जे शोधत होतो ते माझ्या मनगटात होतं, आणि माझा १०० वॅटचा खोका मनगटाकडे लक्षच देत नव्हता.

त्या दिवसापासून मी ॲम्पची हीच एक परीक्षा धरली. दुकानात गेल्यावर कुणी वॅट सांगो, आवाजांची यादी सांगो, मी एक ओळ हळू वाजवतो, तीच जोरात वाजवतो आणि मग गिटारचं बटण खाली आणतो. तीन वेळा तीन आवाज निघाले तर पुढे बोलायचं.

त्यामागचं शास्त्र नंतर समजत गेलं. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, मधल्या जाळीवर गिटारचा बारीकसा संदेश येतो आणि त्याच्या तालावर तो लोंढा कमीजास्त होतो. लोंढ्याला मर्यादा असते. ती जवळ आली की लाटेचा माथा हळूहळू दबायला लागतो. साध्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये तोच माथा बहुधा एकदम छाटला जातो. जो सूर हळूहळू दबतो त्याच्यात मूळ स्वराचे वरचे स्वर जागे होतात: दुप्पट कंपनांचा तार षड्ज, तिप्पट कंपनांचा त्यावरचा पंचम, पाचपट कंपनांचा गंधार. वाचताना मी चमकलो. हा तर तंबोरा. षड्जाच्या तारेतून न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच, पाचवा. घोडीवर तारेखाली सूत सरकवून तंबोऱ्याची जवारी उघडतात तेव्हा तार घोडीला अलगद घासते आणि हेच वरचे स्वर फुलतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती घोडी कानसेने घासत बसतात, ते एवढ्यासाठीच. सूत एका जागी असेल तर तार मुकी, थोडं पुढे गेलं तर नुसता खरखराट, आणि मध्ये कुठेतरी केसभर जागेत जवारी बोलते. ॲम्पचं बटणही नेमकं त्या केसभर जागेत ठेवायचं असतं.

एकदा हे कळल्यावर वॅटचा प्रश्न आपोआप सुटतो. व्हॉल्व्हची जवारी त्याच्या मर्यादेशी बोलते, आणि १०० वॅटच्या ॲम्पला मर्यादेपर्यंत न्यायचं तर वाड्यावरची सगळी घरं रिकामी करावी लागतील. शिवाय कानाचा हिशेब सरळ नसतो. वॅट दहापटीने कमी केले तरी आवाज कानाला साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो. म्हणून १० वॅटचा ॲम्प लहान नसतो. घरासाठी तो मोठाच. शेजारी जिथे कौलाला कौल लावून राहतात, रात्री दहानंतर भोंगा बंद करायचा नियम आहे, पहाटे कुणाला देवळात पूजेला जायचं असतं, तिथे मी ५ वॅटच्या वर जायचंच नाही असं ठरवलं. घरी एकट्याने वाजवणाऱ्या माणसाने मोठा व्हॉल्व्ह ॲम्प घेणं हे माझ्या मते पैशाचंच नव्हे, रियाजाचंही नुकसान आहे. त्याला तो आवाज कधी भेटतच नाही.

ट्रान्झिस्टरवर ब्लूज होतच नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरं नाही. खुद्द बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सीरीजच्या एल५ या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवत होते. त्यांना चीर थोडीच हवी असे, स्वच्छ आणि भरीव आवाज हवा असे, आणि बाकीचं बोटं करत. आता संगणकाची चिप घालून व्हॉल्व्हची नक्कल करणारे ॲम्प मिळतात, त्यांतल्या काहींचे वॅट कळ फिरवून अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणता येतात. माझ्या भाच्याने घ्यायचं ठरवलं तेव्हा मी त्याला तसलाच घ्यायला सांगितलं. तो भाड्याच्या खोलीत राहतो, रात्री कानाला हेडफोन लावून वाजवतो. मी त्या ॲम्पवर तीच तीनदा वाजवायची परीक्षा घेतली आणि तो पास झाला.

माझा ॲम्प मात्र समुद्रातून आला. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने तो अमेरिकेतल्या बंदरावर घेतला होता. जुन्या फेंडर चॅम्पच्या नकाशावर कुणीतरी घरी बांधलेला. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, वीज सरळ करणारा एक व्हॉल्व्ह, ८ इंची स्पीकर. ५ वॅट. पुढे एकच बटण, चालू-बंद आणि आवाज दोन्ही त्याच्यातच. ते एकुलतं बटण पाहून मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. आणि त्या आनंदाच्या भरात मी तो भिंतीतल्या प्लगला लावला. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. एक निळी ठिणगी, आणि सगळं शांत.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी फोंड्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे तो नेला. त्यांनी खोका उघडला आणि आत हात घालण्याआधी डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्याच्यात तीनशे व्होल्टच्या वर असतात. प्लग काढला तरी कपॅसिटर वीज धरून बसतो. दोन हात घातले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने जाते." मग त्यांनी पिना जोडलेल्या एका रोधकाने कपॅसिटर रिकामा केला, मीटर लावून पाहिला आणि मगच दुसरा हात पुढे आणला. फक्त फ्यूज गेला होता, ट्रान्सफॉर्मर वाचला होता. त्यांनी २३० चे १२० करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर दिला, तोही गरजेपेक्षा मोठा. ॲम्पमधला, ६० सायकलसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० सायकलवर जास्त तापतो, हेही सांगितलं. घरातलं अर्थिंग तपासून घ्यायला सांगितलं. अर्थिंग सुधारलं आणि ॲम्पची गुणगुण अर्ध्यावर आली. व्हॉल्व्ह ॲम्पच्या पोटात स्वतः हात घालायला जाऊ नका, एवढं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. मेस्त्रींसारखी माणसं आता फार उरलेली नाहीत, जी आहेत त्यांचा पत्ता जपून ठेवा.

गोव्यात आणखी एक प्रतिस्पर्धी असतो तो पाऊस. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि जुलैत चामड्याच्या पट्ट्याला रात्रीत बुरशी धरते. तारा आठवड्यात काळवंडतात, बटणं फिरवताना खरखरतात. चवथीला घुमटाचं कातडं सैल पडतं, म्हणून आरतीआधी त्याला विस्तवाची ऊब दाखवतात. स्पीकरचा आतला शंकूही कागदाचाच. पावसाळ्यात मी ॲम्प रोज अर्धा तास नुसता चालू ठेवतो, व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल निघते. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसतो. वीज लपंडाव खेळायला लागली की प्लग काढून ठेवतो.

घुमटाने मला दुसरीही एक गोष्ट शिकवली. घुमटाचं एक तोंड कातड्याने बांधलेलं, दुसरं लहान तोंड उघडं. वाजवणारा डाव्या हाताने ते उघडं तोंड झाकतो, मोकळं करतो आणि खर्ज घुमवतो. माझ्या ॲम्पचीही पाठ उघडी आहे. भिंतीला चिकटवला तर खर्ज साचतो, हातभर पुढे ओढला तर आवाज मोकळा होतो. नवं काही विकत घेण्याआधी ॲम्प खोलीत चार ठिकाणी ठेवून पाहावा. मी आमचा एका जुन्या पाटावर, मागे कललेला ठेवला आहे, म्हणजे स्पीकर पायांशी न बोलता कानाशी बोलतो.

पेडलचं, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायच्या, पायाने दाबायच्या डबीचं, फार सांगत नाही. एकच आहे, ट्यूब स्क्रीमर जातीचं. ते खर्ज थोडा कापतं आणि मधल्या सप्तकाला पुढे करतं, म्हणून बँडमध्ये गिटार बुडत नाही. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन ते फेंडरच्या ॲम्पपुढे लावत. त्यांच्या १३ नंबरच्या जाड तारा मी एकदा चढवून पाहिल्या, बोटं सोलली. ते तारा अर्धा सूर खाली उतरवून वाजवत, आणि त्यांची बोटं त्यांची होती. मी १० नंबरवर सुखी आहे. मींड जिथे काढायची तिथे तार हाताला वश हवी.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावरची संध्याकाळ. बाबा आता जत्रेला जात नाहीत, गुडघे धरले आहेत, पण पेटी रोज उघडतात. मी ॲम्प चालू केला, थांबलो, बटण सहावर ठेवलं आणि एक सूर ओढून धरला. हळू सुरू होऊन तो कडेला चिरला आणि विरत गेला. बाबा राजांगण ओलांडून आले. मला वाटलं, आता तेच ऐकायला मिळणार.

"पुन्हा वाजव," म्हणाले. मी वाजवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "ही जवारी आहे," म्हणाले. "फाटत नाहीये हा." मग पेटी ओढून जवळ घेतली. "कुठल्या पट्टीत आहेस?"

"पांढरी सहा."

त्यांनी सा लावला आणि माझा गंधार शोधायला निघाले. कोमल गंधारावर बोट ठेवलं, मान हलवली. शुद्धावर ठेवलं, पुन्हा मान हलवली. मग दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, पांढरी एक आणि काळी एक, आणि कोमलावरचं बोट हळूच निसटतं सोडलं. पियानोवर ब्लूज वाजवणारेही हेच करतात. बाबांना मी ते कधी सांगितलं नव्हतं. मधला सूर देता येत नाही म्हणून १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं ऑल इंडिया रेडिओने पेटी बाहेर ठेवली होती. त्या मोठ्या आक्षेपांतला हा एक, आणि बाबांनी तो आयुष्यभर ऐकला होता.

"माझ्याकडे तिथे पट्टी नाही," ते म्हणाले. "तू धर तो. मी खाली सा-प धरतो."

भाता हलला. मी तिसऱ्या तारेचा पाचवा पडदा धरला आणि तार पाव सुराएवढी ओढली.